मिहानजवळचा प्लॉट, आयटीचे शेअर की परदेशी चिप कंपन्या? संगणक उद्योगाच्या वाढीवर पैसा लावायचा तर हिशेब कसा करायचा

फुटाळा_काठ
नमस्कार मंडळी. संगणक उद्योग पुढची दहा वर्षे वाढत राहील असे धरून १५ लाख रुपये गुंतवायचे आहेत. मध्ये हा पैसा लागणार नाही. नागपुरात कोणालाही विचारले की ठरलेली उत्तरे येतात: वर्धा रोडला मिहानच्या सेझजवळ प्लॉट घे, टीसीएस-इन्फोसिस घेऊन विसरून जा, नाहीतर थेट एनव्हीडिया ही अमेरिकी चिप कंपनी घे. बँकेतला माणूस 'इमर्जिंग मार्केट' फंड सुचवतो. कुठला शेअर घ्यायचा ते नका सांगू, या प्रत्येकात आकडे कुठे बघायचे आणि फसगत कुठे होते ते सांगा.

ताळेबंद
आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. उद्योग वाढतो म्हणून त्यातल्या भागधारकाचा पैसा वाढतोच असे नाही. अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० ला ५,०४८ वर बंद झाला होता. इंटरनेट जगभर पसरणार हा तेव्हाचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी ती पातळी परत यायला एप्रिल २०१५ उजाडले. नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या सिस्कोचा भाव त्याच महिन्यात (मार्च २०००) ८० डॉलरच्या वर होता. पुढे कंपनीची विक्री तिप्पट झाली, पण वीस वर्षे उलटली तरी तो भाव दिसला नाही. अंदाज बरोबर होता, दिलेली किंमत चुकीची होती.

आता आपल्या आयटी सेवा कंपन्या. तिमाही निकालात रुपयातली वाढ बघू नका. डॉलर वधारला की रुपयातली विक्री आपोआप फुगते. 'कॉन्स्टंट करन्सी' वाढ, म्हणजे विनिमय दरातला बदल बाजूला काढून मोजलेली वाढ, बघा. टीसीएसची २०२४-२५ ची विक्री २,५५,३२४ कोटी, कॉन्स्टंट करन्सी वाढ ४.२ टक्के. इन्फोसिसची विक्री १,६२,९९० कोटी आणि वाढ तीच, ४.२. त्यातही टीसीएसच्या वाढीत बीएसएनएलच्या ४-जी कामाचा मोठा हात होता. असे काम एकदा संपले की पुढच्या वर्षी तीच रक्कम वजा होऊन दिसते. म्हणून देशनिहाय तक्ता उघडायचा, भारत बाजूला काढायचा आणि उत्तर अमेरिका व बँकिंग-विमा विभाग किती हलला ते बघायचे.

त्याच वर्षी पर्सिस्टंट या आयटी कंपनीची डॉलरमधली वाढ १८.८ टक्के होती. आपल्या गायत्रीनगरच्या आयटी पार्कात त्यांचे मोठे ऑफिस आहे म्हणून हे नाव इथे सगळ्यांच्या तोंडी असते. पण ही वाढ बाजाराला आधीच ठाऊक असते आणि तिची किंमत भावात चढलेली असते. १८ टक्क्यांची वाढ १२ वर आली तर नफा वाढूनही शेअर पडू शकतो.

गोरेवाडा
आयटी कंपन्यांचे मार्जिन तरी भक्कम आहे ना? २४ टक्के म्हणजे सोन्याची खाण.

ताळेबंद
टीसीएसचे ऑपरेटिंग मार्जिन २०२४-२५ मध्ये २४.३ टक्के होते, हे खरे. ते टिकते कशावर हे बघा. पहिली गोष्ट पिरॅमिड, म्हणजे खाली फ्रेशर किती आणि वर अनुभवी किती. दुसरी युटिलायझेशन, म्हणजे पगारावरच्या लोकांपैकी किती जण ग्राहकाच्या बिलावर आहेत. त्याशिवाय सबकॉन्ट्रॅक्टरचा खर्च आणि रुपया. एआयची साधने आल्यापासून ग्राहक कराराच्या नूतनीकरणाला सरळ म्हणतो की तुमचे काम कमी तासांत होते, तर दर उतरवा. मग 'डील टीसीव्ही', म्हणजे सही झालेल्या करारांचे एकूण मूल्य, मोठी दिसते आणि वाढ दिसत नाही. टीसीएसची २०२४-२५ ची टीसीव्ही ३९.४ अब्ज डॉलर होती, तरी वाढ ४.२ टक्केच. कारण त्यात जुनीच कामे कमी दराने पुन्हा सही झालेलीही असतात. कंपनी नवी कामे आणि नूतनीकरण वेगळे दाखवते का ते तपासा. जी दाखवत नाही तिची टीसीव्ही मी तरी धरत नाही.

अजून दोन ठिकाणी नजर ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी (तिथे कामाचा व्हिसा) अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लावले. ज्या कंपन्यांनी तिथे स्थानिक भरती वाढवली आहे त्यांना फटका कमी, बाकीच्यांना जास्त. दुसरे म्हणजे जीसीसी, परदेशी कंपन्यांची भारतातली स्वतःची केंद्रे. नोकऱ्या भारतात वाढतात, पण काम सेवा कंपनीच्या हातून जाते. म्हणजे क्षेत्र वाढते आहे आणि भागधारकाला त्यातले काही मिळत नाही. हा फरक नागपुरात मिहानकडे बघतानाही लागू होतो, पण ते वर्धारोड सांगतील.

बुटीबोरी
हार्डवेअरबद्दल लिहितो, कारण गुंतवणूकदारांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो.

डिक्सन, केन्स, सिर्मा यांना ईएमएस म्हणतात. दुसऱ्याच्या ब्रँडसाठी बोर्ड भरणे आणि यंत्र जुळवणे हा यांचा धंदा. डिक्सनची २०२३-२४ ची विक्री साधारण १७,७०० कोटी आणि निव्वळ नफा ३७५ कोटींच्या आसपास, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीवर जेमतेम दोन रुपये. नवखा माणूस हे पाहून पळतो. पण ग्राहकाने सांगितलेल्या पुरवठादाराकडून, त्याने ठरवलेल्या भावात डिस्प्ले आणि प्रोसेसर घ्यायचे आणि बोर्डावर बसवून द्यायचे, त्या भागांची पूर्ण किंमत विक्रीत मोजली जाते. भर घातलेली किंमत थोडी, म्हणून मार्जिन बारीक. इथे मार्जिन सोडा आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओसीई, बघा. बोर्डावर भाग बसवणाऱ्या एका एसएमटी लाइनवर वर्षाला किती कोटींचा माल निघतो, साठा किती दिवस पडून राहतो, पुरवठादाराला किती दिवसांनी पैसे जातात, यावर हा धंदा जगतो. साठा ४० दिवसांवरून ७० वर गेला आणि विक्री तेवढीच राहिली, तर नफा कागदावर दिसेल आणि रोख आटेल. रोकड प्रवाहाच्या तक्त्यात 'ऑपरेशन्समधून रोख' सलग दोन वर्षे नफ्यापेक्षा फार कमी असेल तर थांबा.

दुसरी पायरी पीएलआय, म्हणजे उत्पादनावर मिळणारे सरकारी प्रोत्साहन. मोबाइलसाठीची योजना वाढीव विक्रीवर ६ ते ४ टक्के देणारी होती, तीही २०२५-२६ पर्यंतच. निव्वळ मार्जिन दोन टक्के असलेल्या धंद्यात ही रक्कम केवढी मोठी आहे बघा, मग तिचा काही हिस्सा ग्राहकाला वाटून दिलेला असला तरी. वार्षिक अहवालाच्या टिपांत 'इतर परिचालन उत्पन्न' आणि 'येणे असलेले प्रोत्साहन' शोधा. ते वजा करून नफा पुन्हा मांडा. लॅपटॉप-सर्व्हरसाठीची १७,००० कोटींची आयटी हार्डवेअर योजना मे २०२३ मध्ये आली. सुटे भाग देशात बनावेत म्हणून २२,९१९ कोटींची योजना मार्च २०२५ मध्ये मंजूर झाली. पुढची खरी कमाई मला या सुट्या भागांत दिसते: पीसीबी (सर्किटचे कोरे बोर्ड), कॅमेरा मॉड्यूल, कनेक्टर. जुळणी कोणीही शिकतो. बहुस्तरीय बोर्ड बनवण्यात माल बाद होण्याचे प्रमाण खाली आणायला वर्षे जातात, आणि ज्याला ते जमते त्याला ग्राहक सहज सोडत नाही.

तिसरा धोका सरकारी धोरणाचा. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपच्या आयातीवर परवाना लावल्याची अधिसूचना निघाली, दुसऱ्याच दिवशी तिला मुदतवाढ मिळाली आणि पुढे साधी नोंदणी पद्धत आली. पहिल्या दिवशी बातमीवर शेअर घेणाऱ्याने जे गृहीत धरले ते घडलेच नाही.

सोमलवाडा
भाऊ, सेमीकंडक्टरचे राहिले. गुजरातेतली धोलेराची फॅब, म्हणजे चिप कारखाना, सुरू झाली की कोणता शेअर घ्यायचा?

बुटीबोरी
धोलेराचा प्रकल्प ९१,००० कोटींचा, महिन्याला ५०,००० वेफर (ज्यांवर चिप छापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) क्षमतेचा, तैवानच्या पीएसएमसीच्या तंत्रावर २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या श्रेणींसाठी. तो उभारतेय टाटा इलेक्ट्रॉनिक्स, आणि ती कंपनी बाजारात सूचिबद्ध नाही. आसामात जागीरोडचा २७,००० कोटींचा जुळणी-चाचणी प्रकल्पही तिचाच. म्हणजे तुम्हाला थेट भाग घ्यायला जागा नाही.

मग लोक नावाला भुलतात. सीजी पॉवरचा साणंदला ७,६०० कोटींचा ओसॅट, म्हणजे चिप जुळणी-चाचणीचा, प्रकल्प आहे, पण तिची विक्री मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वेच्या सामानातून येते. शेअर घ्यायचा तर मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या धंद्याची किंमत म्हणून घ्या. कुठल्याही 'चिप शेअर'चा सेगमेंट रिपोर्ट उघडा आणि चिपमधून आज किती टक्के विक्री येते ते बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर शून्याजवळ निघेल.

फॅब आणि ओसॅट यांची गल्लतही नको. फॅबमध्ये वेफरवर सर्किट छापतात. ओसॅटमध्ये तयार वेफर कापून, तारा जोडून, आवरण घालून चाचणी घेतात. भांडवल आणि जोखीम दोन्हीत फार फरक आहे. आणि घोषणा झाली म्हणजे कारखाना झाला असे नाही. वेदान्त-फॉक्सकॉनची घोषणा २०२२ ला झाली, जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडली.

अंबाझरी
बुटीबोरींचा साठ्याचा मुद्दा परदेशी चिप कंपन्यांना लावला की तेजी-मंदीचे चक्र दिसते. मेमरी चिपचे उदाहरण घ्या. मायक्रॉनची विक्री आर्थिक वर्ष २०२२ मध्ये ३०.८ अब्ज डॉलर होती, २०२३ मध्ये १५.५ अब्ज झाली आणि ५.८ अब्जांचा तोटा आला. २०२४ मध्ये परत २५ अब्ज. संगणकाचा वापर अर्ध्यावर आला होता का? नाही. टंचाईच्या काळात ग्राहकांनी गरजेपेक्षा जास्त मागण्या नोंदवल्या, साठा तुंबला, खरेदी थांबली, आणि नवी क्षमता नेमकी तेव्हाच तयार झाली, कारण फॅब उभारायला दोन-तीन वर्षे लागतात. त्यामुळे या धंद्यात पीई (भाव भागिले प्रतिशेअर नफा) सगळ्यात कमी दिसतो तेव्हा नफा शिखरावर असतो. तो स्वस्त समजून घेणारा माणूस वरच्या टोकाला घेतो. मेमरीत पीई बाजूला ठेवून पुस्तकी मूल्याशी भावाचे गुणोत्तर आणि साठ्याचे दिवस बघतात.

एनव्हीडिया वेगळी आहे, पण चक्रातून सुटलेली नाही. जानेवारीत संपणाऱ्या आर्थिक वर्ष २०२३ ची विक्री २७ अब्ज डॉलर, २०२५ ची १३०.५ अब्ज, त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे. मोठे ग्राहक मूठभर: मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट, ॲमेझॉन, मेटा. एनव्हीडियाचे भवितव्य तिच्या अहवालापेक्षा या चौघांच्या भांडवली खर्चाच्या ओळीत आधी दिसते. त्यांचा घसाराही बघा. २०२५ पासून मेटाने सर्व्हरचे आयुष्य वाढवून साडेपाच वर्षे धरले, तर ॲमेझॉनने काही सर्व्हरचे सहावरून पाच केले. आयुष्य वाढवले की आजचा खर्च कमी आणि नफा जास्त दिसतो. त्याच यंत्रांबद्दल दोन कंपन्या उलट निर्णय घेतात तेव्हा नफ्याचे आकडे जसेच्या तसे तुलनेला घेता येत नाहीत.

साखळीत पैसा कुठे टिकतो असे विचाराल तर जिथे पर्याय नाही तिथे. प्रगत चिप छापणारी ईयूव्ही यंत्रे जगात एकटी एएसएमएल बनवते. सर्वांत प्रगत चिपसाठी तैवानच्या टीएसएमसीशिवाय पुरेशी क्षमता कोणाकडे नाही. पण तिथेही चढ्या भावात घेतले तर सिस्कोसारखी वेळ येते.

आता इमर्जिंग मार्केट फंड. निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआयच्या निर्देशांकात तैवान आणि दक्षिण कोरिया मिळून ३० टक्क्यांहून जास्त आहेत आणि सगळ्यात मोठी कंपनी टीएसएमसी आहे. म्हणजे 'उगवत्या बाजारांच्या' नावाखाली तुम्ही बऱ्यापैकी चिप उद्योगच विकत घेता. त्यात भारतही मोठ्या हिश्श्याने असतो, जो तुमच्याकडे आधीच आहे. फंड व्यवस्थापन खर्च लावून तुमचाच बाजार तुम्हाला परत विकतो. आणि जोखीम काय असते ते मार्च २०२२ मध्ये दिसले: एमएससीआयने रशियाचे शेअर जवळपास शून्य किमतीला निर्देशांकातून काढले. टीएसएमसीची फॅब ज्या सामुद्रधुनीच्या काठी आहेत तिथला धोका ताळेबंदात लिहिलेला नसतो.

धंतोली_सीए
परदेशी शेअर घेण्याआधी हे वाचा. परतावा इथे गळतो.

थेट घ्यायचे तर एलआरएस, म्हणजे परदेशात पैसा पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना. माणशी आर्थिक वर्षाला २.५ लाख डॉलरची मर्यादा. वर्षात १० लाख रुपयांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (कंपनी नव्हे, उगमस्थानी वसूल होणारा आगाऊ कर) कापते. हा वेगळा कर नाही, विवरणात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. १५ लाख पाठवायचे तर मार्च आणि एप्रिल असे दोन आर्थिक वर्षांत विभागा, कापणी होणारच नाही. बँकेचा विनिमय दर आणि बाजारदर यांतला फरक आधी विचारा. जाहिरात ब्रोकरेजची असते, पैसा या फरकात जातो.

डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे करदाते नाही असे जाहीर करणारा) भरल्यावर अमेरिकी लाभांशावर २५ टक्के कर तिथेच कापला जातो. त्याची वजावट इथे मिळते, पण २०२५-२६ च्या उत्पन्नापर्यंत त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. शेअर २४ महिन्यांनंतर विकले तर १२.५ टक्के, आधी विकले तर तुमच्या स्लॅबने.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वारसा. अमेरिकेतील मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर अनिवासी परदेशी माणसाच्या मृत्यूनंतर तिथला इस्टेट टॅक्स लागतो, दर १८ ते ४० टक्के. भारताशी याबाबत करार नाही. रक्कम त्या जवळ जाऊ लागली की आयर्लंडमध्ये नोंदलेले यूसीआयटीएस (युरोपीय नियमांखालचे) ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे विकत घेता येणारे निर्देशांक फंड, बघावेत, ते अमेरिकी मालमत्तेत मोजले जात नाहीत.

सोमलवाडा
एवढी कटकट काऊन करायची? इथल्या एक्स्चेंजवर नॅसडॅक १०० चा ईटीएफ मिळते ना.

धंतोली_सीए
मिळतो, पण आयनॅव्ह, म्हणजे एका युनिटमागच्या मालमत्तेचे त्या क्षणीचे मूल्य, बघूनच घ्या. परदेशी गुंतवणुकीसाठी म्युच्युअल फंड उद्योगाला ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज डॉलर अशी मर्यादा आहे. पहिली मर्यादा फेब्रुवारी २०२२ मध्ये भरली, दुसऱ्या मर्यादेमुळे एप्रिल २०२४ पासून नवी युनिटे थांबली. युनिटे वाढत नाहीत आणि घेणारे येत राहतात, म्हणून भाव मूल्याच्या वर जातो. आयनॅव्ह २०० आणि भाव २२० असेल तर प्रीमियम १० टक्के. उद्या मर्यादा उठली आणि प्रीमियम गेला, तर नॅसडॅक जागचा हलला नाही तरी तुमचे ९ टक्के गेले. दोन-तीन टक्क्यांवर प्रीमियम असेल तर मी अशिलांना थांबायला सांगतो. ऑर्डर नेहमी लिमिटची टाका, मार्केटची कधीच नाही.

वर्धारोड
प्लॉटबद्दल. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आले हे खरे, मेट्रो २०१९ मध्ये खापरीपर्यंत पोहोचली हेही खरे. पण नोकऱ्या वाढल्या की आधी भाडे वाढते, आणि रिकाम्या प्लॉटला भाडे नसते. मनीषनगर-बेसा भागात तयार फ्लॅट घेणाऱ्याला आयटीच्या भरतीचा फायदा दर महिन्याला मिळतो. जामठ्याच्या पुढे प्लॉट घेणाऱ्याला तो फक्त विकताना मिळतो, आणि विकायला सहा महिने ते दोन वर्षे सहज लागतात.

तपासायचे ते असे. सातबारा आणि फेरफार, एनए (बिगरशेती) आदेश, एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्राधिकरणाचा) मंजूर नकाशा, आणि आर.एल. (रिलीज लेटर). 'आर.एल. प्रोसेसमध्ये आहे' असे म्हटले की व्यवहार थांबवा. गुंठेवारीच्या लेआउटमध्ये विकास शुल्काची मागणी नंतर येते आणि ती घेणाऱ्याच्या डोक्यावर बसते. मुद्रांक शुल्क, ३०,००० पर्यंतची नोंदणी फी आणि दलाली मिळून खरेदीलाच आठ-नऊ टक्के जातात. हे धरून दहा वर्षांचा चक्रवाढ दर काढा, मग सांगा दुप्पट झाला की नाही.

गोरेवाडा
तरी जमीन ती जमीन. शेअर शून्य होऊ शकतो, प्लॉट नाही.

वर्धारोड
मालकी हक्क सदोष निघाला तर प्लॉटही शून्याजवळ जातो. शिवाय १५ लाखांत वर्धा रोडला जे मिळते ते शहराच्या सीमेपासून बरेच लांब असते. सगळी रक्कम एका सर्वे नंबरवर लागते. आयटीची वाढ हे कारण असेल तर हा सगळ्यात आडवळणाचा मार्ग आहे. राहायला घर बांधायचे असेल तर गोष्ट वेगळी.

फुटाळा_काठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रक्कम एकदम लावू की टप्प्याने? आणि भारत-परदेश वाटणी?

ताळेबंद
या क्षेत्रात टप्प्याने. मेमरी असो की एआयचा भांडवली खर्च, चक्र दोन-तीन वर्षांचे असते. १५ लाख आठ तिमाह्यांत विभागले तर एकाच टोकाला अडकत नाही. निम्म्याहून जास्त भारतात, त्यातही सेवा आणि सुटे भाग यांत. बुटीबोरी कदाचित सहमत होणार नाहीत.

बुटीबोरी
नाहीच. पीएलआय संपल्यानंतरच्या दोन वर्षांचे ताळेबंद बघितल्याशिवाय ईएमएसमध्ये १५ टक्क्यांवर जाऊ नये. सेवा कंपन्यांचा लाभांश तरी हातात येतो.

अंबाझरी
परदेशासाठी एकेक कंपनी निवडण्यापेक्षा चिप उद्योगाचा किंवा व्यापक निर्देशांकाचा ईटीएफ. एनव्हीडिया हवीच असेल तर ती त्यात आहेच, आणि पुढची जी कोणी मोठी होईल तीही आपोआप येईल.

फुटाळा_काठ
शेवटचा प्रश्न सीए साहेबांना. विवरणात परदेशी शेअर कसे दाखवायचे?

धंतोली_सीए
आयटीआर-१ चालत नाही. दुसरे उत्पन्न काय आहे त्यानुसार आयटीआर-२ किंवा ३ भरा. शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट) तक्ता ए-३. इथे आर्थिक वर्ष चालत नाही, जानेवारी ते डिसेंबर हे कॅलेंडर वर्ष धरायचे. प्रत्येक शेअरचे घेतानाचे मूल्य, वर्षातले सर्वोच्च मूल्य आणि ३१ डिसेंबरचे मूल्य लिहायचे, रूपांतर स्टेट बँकेच्या टीटी बाइंग (बँक परकी चलन विकत घेते त्या) दराने. एक रुपयाही उत्पन्न नसले तरी भरायचे. न भरल्यास काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण माहिती देण्यातून सूट नाही. ब्रोकरकडून कॅलेंडर वर्षाचे स्टेटमेंट जानेवारीतच उतरवून ठेवा. ॲप बंद झाले किंवा ब्रोकर बदलला तर जुने सर्वोच्च मूल्य काढणे फार जिकिरीचे जाते.